निव्वळ वजन

जिनिंगच्या काट्यावर एकोणीस वर्षं झाली.
कापसाची गाडी चढते, खोलीची काच थरथरते,
आकडा थांबला की मी पावतीवर लिहिते.
क्विंटलच्या खालचं काही
माझ्या हाताच्या ओळखीचं नव्हतं.

आज स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवली.
टोपलीत जुना टॉवेल, टॉवेलवर बिब्बा.
एक हजार दोनशे चाळीस.
टोपली-टॉवेल तीनशे दहा.
निव्वळ नऊशे तीस ग्रॅम,
तेही नाक एकसारखं हलत असताना.

पांढऱ्या पाठीवर काळा ठिपका,
म्हणून भाचीने हे नाव ठेवलं
आणि नाव ठेवून नाशिकला हॉस्टेलवर गेली.
ठिपक्याच्या शेजारी गाठ.
संक्रांतीला तुरीएवढी,
होळीला हरभऱ्याएवढी,
आता बोट फिरवलं की बोर लागतं,
कातड्याखाली सरकणारं.
नऊशे तिसातली तिची किती,
ते कुठलाच काटा सांगत नाही.

झेलाबाई कुंपणावरून म्हणाल्या,
"उंदीरनं आपरेशन? येडी व्हयनी का व?
बिब्बा लाव गाठवर."
बिब्ब्यालाच बिब्बा!
दोघी हसलो.
संध्याकाळी त्याच ओंजळभर हराळी देऊन गेल्या,
मुळं धुऊन.

धुळ्याच्या डॉक्टर गिरासे खरं ते बोलल्या.
म्हशी पुष्कळ शिवल्या, बैलाचं शिंग काढलं,
एवढ्याशा जिवाला भूल द्यायची
ही माझी तिसरी वेळ.
आधीच्या दोघांचं मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.

फॉर्म जनावरांचा, छापील.
जात : गाय / म्हैस / शेळी / इतर.
इतरवर खूण केली.
कानातल्या बिल्ल्याचा नंबर : रेघ.
रोजचं दूध, लिटरमध्ये :
इथे पेन अडलं.
शून्य लिहावं की रेघ मारावी?
काट्यावर बसणाऱ्याला विचारा,
शून्य आणि रेघ एक नसतात.

माणसाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात,
याला नाही.
याचं पोट थांबलं की सगळंच थांबतं,
भुलीच्या दारापर्यंत चरू द्यायचं.
म्हणून बाराचा गजर, तीनचा गजर,
ढोबळी मिरचीची एक फोड, पारोळ्याच्या बाजारातली.
सुई नसलेल्या सिरिंजने पातळ खाऊ भरवायची तालीम
चार दिवस चालली आहे.
निम्मा त्याच्या पोटात, निम्मा माझ्या परकरावर.

पिशवीत दोन बाटल्या.
एक बर्फाची, जाताना,
वैशाखात हायवे सातलाच तापतो.
दुसरी रिकामी, थर्मासच्या शेजारी.
भुलीतून उठणारा जीव गार पडतो म्हणे.
चव्वेचाळीस अंशांच्या या मुलखात
कुणाला ऊब द्यायला पाणी तापवणं
मला जरा लाजल्यासारखंच वाटलं.

फुनकीलाही नेणार आहे.
तिला काही झालेलं नाही.
पण एकटा उठला तर खाणार नाही,
शेजारी कुणी चावत असलं की
याचंही तोंड चालू होतं.

सुपडूची रिक्षा साडेपाचला.
त्याने फक्त एवढं विचारलं,
"मागे गोणपाट ओलं करून टाकू का, ताई?"

भाचीचा फोन आला.
मेसच्या भाजीबद्दल बोलली, परीक्षेबद्दल बोलली.
ठेवताना म्हणाली, चारा टाकला ना?
टाकला, म्हटलं.

आमच्या काट्याचा एक नियम आहे.
भरली गाडी लिहून घ्यायची,
पण माल उतरवून रिकामी गाडी
परत काट्यावर येईपर्यंत
पावती फाडायची नाही.
रांग लागो, ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहो.

वहीत लिहिलं आहे :
बिब्बा, ९३०, रात्री पावणेबारा.
शेजारचा रकाना मोकळा.
टोपलीत हराळी मोडल्याचा आवाज,
थांबतो, पुन्हा सुरू होतो.
काटा बंद करायचा राहिला,
अंधारात हिरवं शून्य.